आधी ब्रेक, मग पासिंग

पेढे पोचले, गाडीचे फोटोही पाहिले. जुना छोटा हत्ती टेम्पो घेतलास. रंग झकास मारून दिलाय विकणाऱ्यानं. आता रंगाखाली काय आहे ते बघायला शीक. मार्केट यार्डातून भाजी, भवानी पेठेतून किराणा, अधूनमधून कुणाचं घर हलवायचं, हा धंदा तुला जमेल. बोलका आहेस, कष्टाला मागे हटत नाहीस. पण मामाचं उभं आयुष्य पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेलंय. पासिंगच्या आदल्या दिवशी घाम पुसत येणारे शेकडो गाडीवाले मी काउंटरच्या आतून पाहिलेत. त्या जोरावर चार गोष्टी कानात सांगतो. पटल्या तर घे. नाही पटल्या, तरी घे.

पाटीचा रंग बदलला की नियम बदलतात

दाजींच्या कारची पाटी पांढरी, तुझ्या टेम्पोची पिवळी. दाजींच्या गाडीची नोंदणी सुरुवातीला 15 वर्षांची असते. ती मुदत भरली की गाडी आरटीओला दाखवायची आणि पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. त्या हिशोबानं तू निवांत राहिलास तर फसशील. धंद्याच्या गाडीला मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 56 लागतं. म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, आपल्या तोंडातलं पासिंग. नव्या गाडीला दोन वर्षांचं मिळतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी करायचं आणि आठ ओलांडली की दरवर्षी. तुझी गाडी आठच्या पुढची आहे. म्हणजे तुझ्या नशिबी दरवर्षीची वारी.

मार्केट यार्डात कुणीतरी तुला सांगेल, ‘छोट्या हत्तीला कशाला कागद, परमिट माफ आहे.’ त्यातलं अर्धं खरं आहे. भरल्या गाडीचं एकूण मंजूर वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही. पण पासिंग त्या माफीत येत नाही, विमा येत नाही, पीयूसीही येत नाही. अर्ध्या माहितीवर धंदा करणारे लोकच पुढे एजंटाचं घर चालवतात.

पासिंग संपलं तर काय होतं? कायदा म्हणतो, फिटनेस नसलेल्या धंद्याच्या गाडीची नोंदणीच वैध धरायची नाही. सर्टिफिकेटवरची तारीख उलटली की दुसऱ्या सकाळी तू कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची गाडी चालवत असतोस. त्याला कलम 192 खाली पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा सापडलास तर 10,000 पर्यंत, आणि कैदेचीही तरतूद आहे. उशिराचे दिवसाला 50 रुपये वेगळे, ही केंद्राच्या नियमातली तरतूद. 2024 साली आपल्याकडे त्याची वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले राज्यभर रस्त्यावर उतरले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. पण स्थगितीच्या भरवशावर तारीख चुकवू नकोस. स्थगिती उठली की मागचा हिशोब गाडीमालकाच्याच दारात येतो.

दंडाहून मोठी भीती विम्याची. परमिट नसलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली सांगितलं, की विमा कंपनीनं अपघातग्रस्ताला आधी भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी. तुझा कागद संपलेला असेल तर कंपनीचा वकील असलाच मुद्दा घेऊन उभा राहणार हे धरून चाल. अपघाताची भरपाई लाखांत असते. टेम्पो विकूनही ती फिटत नाही.

गाडी आधी नावावर, मग रस्त्यावर

जुनी गाडी घेणाऱ्याला चावी मिळाली की व्यवहार झाल्यासारखं वाटतं. व्यवहार होतो तो आरसीवर तुझं नाव चढल्यावर. विकणाऱ्यानं फॉर्म 29 भरून राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं फॉर्म 30 भरून 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घे.

ही सूचना विकणाऱ्यालाही तितकीच लागू आहे, म्हणून दाजींनाही सांग. एक गाडी तीन-चार हात फिरली, आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं आणि मग अपघात झाला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विकलेल्या गाडीचं भूत असं परत दारात येतं. गाडी भंगारात काढतानाही तेच. जुन्या बाजारात तिचे तुकडे विकून मोकळं होऊ नये. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्यावं आणि नोंदणी रद्द करून घ्यावी.

नाव लावतानाच दोन कामं उरक. आधीच्या मालकाची ई-चलनं थकलीत का ते बघ आणि फेडून घे. मग गाडीच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदल. बहुतेक जुन्या गाड्यांना डीलरचा नाहीतर पहिल्या मालकाचा नंबर चिकटलेला असतो. दंड तुझ्या गाडीचा, मेसेज भलत्याच्या फोनवर, आणि तुला पत्ता लागतो तो नाकाबंदीत.

पासिंगपुरती गाडी सजवू नकोस

आमच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक असायचं. पासिंगच्या आदल्या दिवशी यायचं, रेडियम टेप, दोन बल्ब आणि एक वायपर ब्लेड न्यायचं. टायर शेजाऱ्याचे उसने. पासिंग झालं की शेजाऱ्याचे टायर परत आणि गुळगुळीत टायर पुन्हा आपल्या जागी. त्या माणसानं कुणाला फसवलं? इन्स्पेक्टर संध्याकाळी घरी गेला. त्या टायरवर पावसाळ्यात कात्रजचा घाट उतरायचा होता गिऱ्हाइकालाच.

पासिंगचा अर्थ नीट समजून घे. वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही संस्था आहे, 1966 पासूनची. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा संस्थांमध्ये तपासलं जातं. ती झाली मॉडेलची परीक्षा. पासिंगला तुझी गाडी तपासतात, पण त्या एका दिवसापुरती. उरलेल्या 364 दिवसांचा परीक्षक तूच. कायदाही हेच धरून चालतो. सर्टिफिकेट हातात असलं तरी धोकादायक गाडी रस्त्यावर आणली तर कलम 190 लागतं, आणि गाडी नियमात बसत नाही असं दिसलं तर मुदतीआधीही फिटनेस रद्द करता येतो.

म्हणून तयारी अशी कर, की पासिंग नसतं तरी ती करावीच लागली असती. महिनाभर आधी गाडी फिटरकडे ने. ‘पासिंग करायचंय’ असं म्हणू नकोस. ‘चारही चाकं उतरव, लायनर दाखव’ म्हण. ड्रमवर चर पडलेत का, व्हील सिलिंडर गळतोय का, ब्रेक ऑइल काळं पडलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हँडब्रेक चढावर धरतो का ते चढावरच बघायचं, सपाटीवर सगळेच धरतात. स्टिअरिंग हलवून चाक किती उशिरा हलतं ते बघ. प्ले जास्त असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तपास. पाट्यांचा एखादा पाटा तुटलाय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, ग्रीसिंग झालंय का, हे खाली वाकल्याशिवाय कळत नाही. वाकायची लाज वाटून घेऊ नकोस.

टायरची खोली चार चाकांच्या गाडीला किमान 1.6 मिलिमीटर लागते, दोन आणि तीन चाकांच्या गाड्यांना 0.8. मोजपट्टी लागत नाही. टायरच्या खाचेत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर त्यांच्या पातळीला आलं की टायरचं आयुष्य संपलं. रिमोल्ड स्वस्त पडतो असं कुणी म्हणेल. पुढच्या चाकांना तो घालू नकोस, हा माझा हट्ट समज.

मग राहिलेल्या गोष्टी: दोन्ही हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, हॉर्न, वायपर, आरसे, पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप, प्रथमोपचार पेटी. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवून घे, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. स्पीड गव्हर्नर लागणाऱ्या गाडीचा तो चालू हवा, तारा तोडून लटकवलेला नको. चासी नंबर घासून स्वच्छ कर. चिखलाखाली नंबर दिसला नाही तर अख्खा दिवस वाया जातो. आणि गाडी सीएनजीवर असेल तर किटची नोंद आरसीवर आहे ना, आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी झालीय ना, हे आधी बघ. ती टाकी तुझ्या सीटपासून हातभर अंतरावर असते.

दिव्याला जाशील तेव्हा

परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः अपॉइंटमेंट घे, शुल्क स्वतः भर. तासाभराचं काम आहे. एजंटाला त्यासाठी हजारो रुपये कशाला? एमएच-12 नंबरच्या मोठ्या गाड्यांचं पासिंग सासवडच्या वाटेवर दिव्याला होत आलंय, रिक्षांचं आळंदी रोडवर. संगम पुलाच्या ऑफिसात जाऊन ‘गाडी आणलीय’ म्हणणारे अजूनही भेटतात. पावतीवरची जागा आणि वेळ वाचून मगच गाडी काढ. गाडी रिकामी, धुतलेली आणि डिझेल पुरेसं असू दे. दिवे घाट चढताना गाडी तापते का, वळणावर ओढते का, तेही लक्षात ठेव. जाता-जाता तुझीच एक परीक्षा होऊन जाते.

तिथल्या ट्रॅकवर ब्रेक मारून दाखवायला लावतील तेव्हा वैतागू नकोस. तो ट्रॅक सहज आलेला नाही. गाड्या नीट न तपासताच फिटनेस दिला जातो अशी जनहित याचिका एका पुणेकरानं मुंबई उच्च न्यायालयात केली होती. त्या प्रकरणात न्यायालयानं आरटीओंना ब्रेक तपासण्यासाठी 250 मीटरचा ट्रॅक लागेल असं बजावलं आणि राज्यभर जागांची शोधाशोध सुरू झाली. आता तर यंत्रावर तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रं येताहेत. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो ते आकड्यात निघतं. डाव्या-उजव्या चाकात फरक असेल तर यंत्र बोलतं, आणि यंत्राशी ओळख काढता येत नाही.

इन्स्पेक्टरनं दोष काढला तर वाद घालू नकोस. कागदावर लिहून घे, दुरुस्त कर आणि पुन्हा दाखव. फुकट मिळालेलं निदान आहे ते.

नवले पूल विसरू नकोस

20 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठव. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या हायवेवर एका ट्रकनं गाड्या ठोकरल्या. 48 गाड्यांचा चुराडा झाला. पहिल्यांदा सगळे म्हणाले, ब्रेक फेल. नंतर तपासात पुढे आलं, की डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं.

हे का होतं ते तुला कळलंच पाहिजे. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलंस की सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर लायनर तापतात, आणि तापलेला लायनर ड्रम धरत नाही; पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलंस तर त्याहून वाईट. मोठ्या गाडीत ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, छोट्या गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर. इंजिन थांबलं की दोन-चार वेळा पाय मारल्यावर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच गिअर खाली घे. एका उतारावर वाचणाऱ्या डिझेलची किंमत काढ आणि ती 48 गाड्यांच्या शेजारी मांडून बघ.

भारही मोजून घे. जास्त माल भरला तर कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. पण त्याआधी लक्षात घे, की ब्रेक कंपनीनं ठरवलेल्या वजनासाठी बनवलेत. व्यापारी म्हणेल, ‘दोन पोती जाऊ दे की.’ पोत्यांचं भाडं तुला मिळतं, थांबायचं अंतर मात्र समोरच्याच्या जिवावर वाढतं.

घरच्या गाड्यांचा विसर नको

धंद्याच्या गाडीचे कागद माणूस सांभाळतो, घरच्या स्कूटरचे विसरतो. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडी घेताना एकदमच काढावा लागतो. त्यामुळे दोन-तीन वर्षं विमा या शब्दाची आठवणच राहत नाही आणि मुदत गुपचूप संपते. ताईच्या स्कूटरचं आजच बघ. विमा नसेल तर 2,000 रुपये, दुसऱ्यांदा 4,000, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. पीयूसी गाडी वर्षाची झाल्यावर लागते. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना वर्षाची, जुन्यांना सहा महिन्यांची. पन्नास-शंभरच्या कागदासाठी कायद्यात 10,000 पर्यंतचा दंड लिहिलाय.

दाजींची कार 15 वर्षांची होत आली की मुदतीच्या 60 दिवस आधीपासून फॉर्म 25 नं अर्ज करता येतो. शुल्क आता पूर्वीसारखं शे-सहाशे राहिलेलं नाही. एप्रिल 2022 पासून दुचाकीला 1,000 आणि कारला 5,000 आहे. 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या गाड्यांना त्याच्या दुप्पट केलं. वर राज्याचा पर्यावरण कर. त्यामुळे जिव्हाळ्यापोटी जुनी चेतक दारात ठेवायची असेल तर तिचं बजेटही ठेवावं.

आणि आतेभावाला गाडीची चावी द्यायची नाही. अठरा पूर्ण होऊन लायसन हातात येईपर्यंत नाहीच नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अपघातात दोन तरुण जीव गेले, तेव्हा गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. आणि कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणी 1,758 रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे अडली होती. अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. लाड करायचे तर दुसरे करावेत.

खंडेनवमीला हार घालण्याआधी

तारखा डोक्यात ठेवू नकोस. पासिंग, विमा, पीयूसी, कर, लायसन, सीएनजी टाकी, सहा तारखा लाल पेनानं कॅलेंडरवर, प्रत्येकीच्या महिनाभर आधीच्या पानावर. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, गाडीला हार घालण्याआधी डिकीतले कागद बाहेर काढायचे. आपण शस्त्र पुजतो म्हणजे त्याची धारही बघतो. कागद डिजीलॉकरमध्ये ठेव. पोलिसानं मागितले तर फोनवर दाखवलेलेही चालतात. फोटोची गॅलरी म्हणजे डिजीलॉकर नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

लायसनचंही सांगतो. कारचं लायसन असलं तर 7500 किलोपर्यंतची हलकी मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला पक्कं केलं. वेगळ्या लायसनसाठी तुला कुणी घाबरवलं तर हे सांग.

अपघात झालाच तर पळायचं नाही. जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हे कलम 134 नं घालून दिलेलं कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या अपघातात मदत करायलाही घाबरू नकोस. चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय.

ड्रायव्हरला ‘नाही’ म्हणू दे

धंदा वाढला की तू दुसरी गाडी घेशील आणि तिच्यावर पगारी माणूस ठेवशील. त्याचं लायसन बघशील, ओळखपत्र घेशील, ते ठीक. पण पहिल्याच दिवशी त्याला एक शब्द दे: गाडी बरोबर नाही असं वाटलं तर ती काढायची नाही, आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही. कलम 190 चालवणाऱ्याला लागतं तसं धोकादायक गाडी चालवायला देणाऱ्या मालकालाही लागतं. तो सकाळी सहाला फोन करून म्हणेल, ‘शेठ, ब्रेक कमी लागतोय.’ तेव्हा तिकडे टोमॅटोच्या पन्नास क्रेट खोळंबलेल्या असतील. व्यापाऱ्याला स्वतः फोन कर, भाडं सोड आणि गाडी फिटरकडे पाठव. ड्रायव्हरला ओरडलास तर तो पुन्हा सांगणार नाही, आणि मग तुझ्या गाडीत काय बिघडलंय हे तुला रस्त्यावरून कळेल.